दुसरी टोपली

फार फार पूर्वीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावात एक सुईण राहत होती. गावातल्या बहुतेक पोरांना जगातला पहिला स्पर्श झाला होता तो तिच्याच हातांचा.

त्या गावात ज्या घरचं माणूस जाई, त्या घरी चूल पेटत नसे. मग शेजारी टोपलीत पिठलं-भाकरी घेऊन जात, जवळ बसत, रडणाऱ्याला रडू देत.

एकदा लोहाराची लेक पहिल्या बाळंतपणात गेली. सुईणीने जिवाचं रान केलं, पण रक्त थांबलं नाही. लोहाराच्या दारी टोपल्या आल्या. सुईण एकटीच घरी परतली. तिने हात धुतले. पुन्हा धुतले. मग नाळ कापायचा विळा फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगला.

कुंभाराच्या सुनेचे दिवस भरत आले होते. गावात दुसरी सुईण नव्हती. कुंभारीण विनवायला आली, तेव्हा दार उघडलंच नाही. आतून आवाज आला, "माझ्या हातांना आता गुण नाही गं, बाई."

पाटील येऊन गरजले, "सुईण रुसली म्हणून गावानं काय पोरं पोटातच ठेवायची?"

तरी दार बंदच राहिलं.

मग म्हातारे वैद्यबुवा आले. त्यांच्या हातात टोपली होती.

"पोरी, दार उघड. भाकरी गार होतेय. पिठलं खारट झालंय, पण गोड मानून घे. मीच केलंय."

दार किलकिलं झालं. "वैद्यबुवा, ही टोपली माझ्या दारी कशाला? माणूस लोहाराचं गेलं."

"गेलं लोहाराचं. पण गेलं कुणाच्या हातांत? तुझी तरी चूल कुठे पेटलीय?"

सुईण उंबऱ्यातच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. वैद्यबुवांनी 'रडू नकोस' म्हटलं नाही, की 'तुझी चूक नव्हती' असंही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून सांग."

तिने सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुमच्याही हातून माणसं गेली असतील. तुम्ही कसं पेललंत?"

"पेललं कुठे? गप्प बसायला शिकलो. गावाला ते शहाणपण वाटलं." त्यांनी भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. "खा."

दुसऱ्या सकाळी कुंभाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सुईणीने आढ्यावरचा विळा काढला. कुंभाराच्या दारात मात्र तिचे पाय थबकले.

सोबत आलेले वैद्यबुवा अंगणात बैठक मारून बसले. "मी इथून हलत नाही. जा आत."

मूल पायाळू होतं. दुपार झाली. पाटीलही अंगणात येऊन बसले. आत कुंभारीण देवाला हाका मारत होती, सुईण सुनेला धीर देत होती. अखेर मूल आलं, पण रडेना. सुईणीने त्याची पाठ चोळली, तोंड साफ केलं, पुन्हा पाठ चोळली. आणि मग असं खणखणीत रडणं उठलं, की अंगणातले पाटील दचकून उभेच राहिले.

"कसलं नरडं आहे!" ते म्हणाले, आणि डोळे पुसू लागले.

पुढे उन्हाळ्यात वैद्यबुवांचा एक रोगी तापाने दगावला. ते मान खाली घालून घरी आले, तर ओट्यावर सुईण बसली होती. शेजारी टोपली होती. मागून लोहारही येत होता, हातात पाण्याची घागर घेऊन.

"बुवा," सुईण म्हणाली, "पहिल्यापासून सांगा."

तेव्हापासून त्या गावात माणूस गेलं, की दोन टोपल्या निघू लागल्या. आणि त्या गावाला सुईण आणि वैद्य कधी कमी पडले नाहीत.

तात्पर्य: जो दुसऱ्यांचे जीव सांभाळतो, त्याचा जीव इतरांनी सांभाळायचा असतो.