भोपळा बसला शेंगेवर

ए, ऐक ना! ये, इथे बस. आत्ता गच्चीवर काय झालं, सांगू? अगदी आत्ता! मी स्वतः बघितलंय!

आमच्या गच्चीवर कुंदाकाकूंची बाग आहे. बादलीत वांगी. डब्यात मिरच्या. मांडवावर दोडकी. पाऊस संपलाय ना, त्यामुळे बाग नुसती लगडलीय! शेंगा पण होत्या, भुईमुगाच्या. काकूंनी उपटल्या. उकडल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. संपल्या.

एकच उरली. ती कुणाकडे? चिटकीकडे!

चिटकी म्हणजे खार. एवढीशी. पाठीवर पट्टे, शेपटी झुबकेदार. तिनं काल शेंग कुंडीत पुरली. वर माती लोटली. खर खर खर. आणि गेली झोपायला.

सकाळी येऊन बघते तर काय! मांडवाला टांगलेला भोपळा. त्याची दोरी झाली सैल. भोपळा आला खाली. थप्प! बसला कुंडीवर. कुंडीचं तोंडच बंद!

शेंग खाली. भोपळा वर. आणि घरट्यात चिटकीचं पिल्लू. चीं चीं चीं! भूक, भूक, भूक!

चिटकी म्हणाली,
"भोपळ्या, भोपळ्या, हल की!
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

भोपळा म्हणाला, "मी काय मुद्दाम बसलोय? देठानं धरलंय मला. देठ सुटेल, तर मी हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिटकी चढली देठाकडे.
"देठा, देठा, सूट की!
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

देठ म्हणाला, "घाई कसली? या बाजूनं मी वाळलोय. त्या बाजूनं अजून हिरवा. ऊन पडेल, तर मी सुटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिटकी गेली कठड्यावर. वर बघून ओरडली,
"उन्हा, उन्हा, पड की!
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

ऊन म्हणालं, "अगं, मी कधीचं आलंय! पण मध्ये गोधडी आहे. ती बघ, दोरीवर. गोधडी सरकेल, तर मी पडेन."

गोधडी का? अरे, दसरा आला ना! काकूंनी घरातलं सगळं धुवायला काढलंय. गोधडी ही एवढी मोठी. लाल, निळी, पिवळी. पाणी गळतंय, टप टप टप.

तुरुतुरु, तुरुतुरु, चिटकी गेली गोधडीकडे.
"गोधडी, गोधडी, सरक की!
ऊन पडेना,
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

गोधडी म्हणाली, "कशी सरकू? मला पाय आहेत का? काकू उचलतील, तर मी सरकेन."

काकू होत्या वांग्यांजवळ. एक वांगं तोडलं, ओच्यात टाकलं. दुसरं तोडलं, ओच्यात टाकलं.

तुरुतुरु, तुरुतुरु, चिटकी गेली काकूंकडे.
"काकू, काकू, उचला की!
गोधडी सरकेना,
ऊन पडेना,
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

काकू म्हणाल्या, "अगं बाई, ओली गोधडी ती! एकटीला उचलते होय? दुसरं टोक काका धरतील, तर मी उचलेन."

काका होते दारात. खुर्ची टाकून गवार मोडत होते. टक्. टक्. टक्. गवार पण घरचीच बरं का!

तुरुतुरु, तुरुतुरु, चिटकी गेली काकांकडे.
"काका, काका, धरा की!
काकू उचलेनात,
गोधडी सरकेना,
ऊन पडेना,
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

काका म्हणाले, "सकाळपासून गवार मोडतोय. बोटं दुखली माझी! आणि चहाचा पत्ता नाही."

काकू लांबून ओरडल्या, "अहो, दोन झाले ना चहा!"

"ते साधे झाले. मला गवती चहाची पात घातलेला हवाय. तो मिळेल, तर मी धरेन."

काय हे काका! लहान मुलासारखे!

तुरुतुरु, तुरुतुरु, मिरच्यांमधून चिटकी गेली गवती चहाकडे. त्याची पानं होती लांब लांब. पण सगळी वाकलेली.
"गवती चहा, गवती चहा, पात दे की!
काका धरेनात,
काकू उचलेनात,
गोधडी सरकेना,
ऊन पडेना,
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

गवती चहा म्हणाला, "पात? बघ माझी अवस्था! घसा कोरडा पडलाय. पाणी येईल, तर मी पात देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु, चिटकी गेली नळाकडे. नळ होता चालू. नळाला होता पाइप. पाइपात पाणी. गुडगुड, गुडगुड.
"पाण्या, पाण्या, ये की!
गवती चहा पात देईना,
काका धरेनात,
काकू उचलेनात,
गोधडी सरकेना,
ऊन पडेना,
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना!"

पाणी म्हणालं, "मी निघालंय गं! पण वाटेत अडकलंय. पुढे बघ, पाइपवर कोण बसलंय. तो उठेल, तर मी येईन."

चिटकीनं पुढे बघितलं.

पाइपवर बसला होता ढब्बू. ढब्बू कोण? बोका! गुबगुबीत बोका! पाइप पार चपटा झाला होता.

आता मात्र तुरुतुरु नाही. चिटकी हळूच गेली. लांबच थांबली. आणि बारीक आवाजात म्हणाली,
"बोकोबा, बोकोबा, उठा की.
पाणी येईना,
गवती चहा पात देईना,
काका धरेनात,
काकू उचलेनात,
गोधडी सरकेना,
ऊन पडेना,
देठ सुटेना,
भोपळा हलेना,
शेंग मिळेना,
पिल्लू काही गप्प बसेना."

ढब्बूनं एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. मग जिभल्या चाटल्या.

"ऐकू नाही आलं," ढब्बू म्हणाला. "जरा जवळ ये ना."

बाप रे!

चिटकी मागे सरकली. एक पाऊल. तेवढ्यात घरट्यातून आवाज आला. चीं चीं चीं!

चिटकी थांबली. कुंडीकडे बघितलं. ढब्बूकडे बघितलं. ढब्बूचं तोंड इकडे. आणि शेपूट? शेपूट तिकडे, लांब, फरशीवर.

चिटकी गेली मागून. हळू. हळू. हळू.

कट्!

"म्याऽऽव!"

चावली शेपटीला! ढब्बू उडाला हाऽऽ एवढा! चिटकी पळाली सुर्रकन. ढब्बू मागे. चिटकी मांडवावर. ढब्बू खाली. आणि पाइपातून पाणी, भस्सऽऽकन! ढब्बूच्या तोंडावर! ढब्बू जिन्यावरून खाली. धूम!

मग काय!

बोका उठला, पाणी आलं. भस्स भस्स!
पाणी आलं, गवती चहा ताठ झाला. त्यानं पात दिली. काकूंनी कापली. कच्च!
चहा उकळला. बुडबुड बुडबुड! वास गच्चीभर!
काकांनी चहा प्यायला. भुर्र, भुर्र! "आहा! घरच्या पातीची मजाच वेगळी!"
"झालं समाधान? आता धरा टोक," काकू म्हणाल्या.
काकांनी धरलं, काकूंनी उचललं. हुश्श!
गोधडी सरकली. सर्र! गेली पलीकडच्या दोरीवर.
ऊन पडलं. ऊन कसलं, चटके नुसते!
देठ वाळला. दुपारपर्यंत पार वाळला. कडक! सुटला!
भोपळा हलला. गडगड, गडगड, गडगड, धप्प! थेट काकांच्या पायाशी.

"अहो, पिकला की भोपळा!" काकू म्हणाल्या. "उद्या घारगे करते. गूळ घालून."

"उद्या कशाला? आजच कर," काका म्हणाले.

आणि चिटकी? चिटकी कुंडीत! खर खर खर. माती इकडे, माती तिकडे. निघाली शेंग!

शेंग तोंडात. चिटकी घरट्यात. फट्! शेंग फुटली. आत दाणे दोन. एक पिल्लाला. एक चिटकीला. कुटुर कुटुर, कुटुर कुटुर.

पिल्लू गप्प. चक्क झोपलं!

मी तर बघतच राहिले. केवढीशी ती चिटकी, आणि केवढा तो ढब्बू! मला सांग, बोका जिभल्या चाटत म्हणाला असता, "जरा जवळ ये ना," तर तू काय केलं असतंस?