टिटवीचं धावणारं पिल्लू

फार जुनी गोष्ट. नदीकाठी बगळेगुरुजींची शाळा भरायची. पंख फुटेपर्यंत सगळ्या पिल्लांनी खोप्यात बसूनच शिकायचं, असा तिथला नियम होता. टिटवीचं पिल्लू रेवू मात्र अंड्यातून निघालं तेच वाळूत धावलं होतं. आता बुलबुलाच्या डोळे मिटलेल्या पिल्लांशेजारी बसून बसून ते घरीही धावेनासं झालं. 

हे पाहून टिटवी शाळेकडे निघाली. वाटेत पाचोळा वाजला तरी दचकून उडत होती.

"गुरुजी, रेवूला मोठ्या पिल्लांच्या धावायच्या वर्गात घाला ना."

"टिटवीबाई, पान पडलं तरी तुम्ही गाव गोळा करता," गुरुजी हसले. "उद्या पोर तिथं चेंगरलं, तर?"

"त्याचीच भीती वाटते, गुरुजी. पण ते गप्प बसून राहतं ना, त्याची जास्त वाटते."

गुरुजींनी रेवूला बाहेर बोलावलं. ते उठलं आणि हळूच म्हणालं, "गुरुजी, पाऊल टाकू? रागावणार नाही ना?"

गुरुजींचं हसू मावळलं. ते बाजूला सरले. पलीकडे मोठी पिल्लं धूळ उडवत धावत होती.

टिटवीने डोळे घट्ट मिटून घेतले आणि ती म्हणाली, "पळ, बाळा."