घागर भरेपर्यंत

आपल्या पणज्यांच्या पणज्या परकरात हुंदडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. सीमेवरच्या खडकेवाडीत चन्नी नावाची पाच वर्षांची पोर होती. बाप मराठी, आई गौरव्वा कानडी मुलखातली. पोर भलतीच चौकस. मुंग्यांच्या रांगेमागे ती दिवस दिवस फिरायची, असं म्हणतात.

शाळेत घालायच्या दिवशी पंतोजींनी तिला ओट्यावर बसवून प्रश्न विचारले. चन्नी अर्धं मराठीत, अर्धं कानडीत बोलली आणि अडखळली. पंतोजी करवादले, "डोक्यात नुसता काला झालाय! घरात कानडी बंद करा. वर्षभरात सुधारली नाही, तर शेरडांमागे धाडा."

गौरव्वाचं मराठी मीठ-मिरची मागण्यापुरतं. पण लेकीच्या भल्यासाठी तिनं तोंड मिटून घेतलं. अंगाई बंद, गोष्टी बंद. मग चन्नीही बोलेनाशी झाली. पंतोजींना वाटलं, औषध लागू पडलं!

विहिरी खोदणाऱ्या म्हाताऱ्या नागव्वाला मात्र ते मुकं घर बघवेना. त्या उन्हाळ्यात गावची नवी विहीर तीस हात खणूनही कोरडी ठणठणीत होती. चन्नीला मुंग्यांमागे माळभर फिरताना नागव्वानं कितीदा पाहिलं होतं. ती मायलेकींना घेऊन माळावर गेली. गंमत बघायला अख्खं गाव लोटलं, पंतोजी सगळ्यांत पुढे.

"पोरी, पाणी कुठं गं?" नागव्वानं विचारलं. मग गौरव्वाकडे वळली, "आता तू विचार बाई, तुझ्या बोलीत."

वर्षभर मिटलेले ओठ उघडले. "नीर एल्लि, मगळे?"

पोर गप्प. पंतोजी काही बोलणार, तोच म्हातारी कडाडली, "थांबा की! घागर भरायला लागतो तेवढा तरी वेळ द्या लेकराला!"

सगळे थांबले. चन्नी हळूच उंबराखालच्या वारुळापाशी गेली, खाली बसली. "इल्लि. इथं. मुंग्या ओली माती वर आणत्यात."

तिथं सातव्या हातालाच पाणी उसळलं आणि काठावरची घागर आपोआप भरली, असं म्हणतात. त्या विहिरीत मराठीत हाक मारली तर कानडीत ओ येते, असंही म्हणतात. पंतोजींनी गौरव्वापुढे हात जोडले आणि चन्नीला शाळेत पहिल्या ओळीत बसवलं, हे मात्र अगदी खरं.

खडकेवाडी नागव्वाचे उपकार विसरलेली नाही. आजही शाळेत जाण्याआधी मुलाला तिच्या विहिरीवर नेतात. पहिला प्रश्न आई विचारते, तिच्या बोलीत. दुसरा गाव विचारतं, मराठीत. मग घागर आत सोडतात आणि ती भरेपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. मूल हव्या त्या भाषेत उत्तर देतं. आणि भरल्या घागरीतली पहिली ओंजळ आपल्या आईच्या ओठांना लावतं.