बाभळीचा पाला आणि हद्दीवरचा दगड

पूर्वी चंपकवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मला. शेळ्या पाळणाऱ्यांच्या एका गावाबाहेर, बाभळीच्या बनात त्याची झोपडी होती. आईबाप लवकर गेले. मग तो आणि ते बन, एवढेच उरले.

गावाच्या हद्दीवर एक चपटा दगड होता. शेळी मेली की धनी तिला त्या दगडावर आणून ठेवी आणि लांबूनच हाक मारी. मेलेली शेळी असेल तरच हाक मारायची, एरवी नाही, अशी रीत होती. बोधिसत्त्व येऊन शेळी उचली, तोवर दोन शब्द होत: पाऊस कसा आहे, ओढ्याला पाणी किती आहे. माणसांशी त्याचे बोलणे तेवढेच. बनातला पाला मात्र कोणी शेळीला खाऊ देत नसे. मेलेल्या जनावरांच्या जागेचा पाला खाल्ला तर शेळी मरते, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

त्याच्याजवळ चित्री नावाची एक शेळी होती. करडू असताना मेली समजून तिला दगडावर ठेवले होते. त्याने उचलली तेव्हा तिचा श्वास चालू होता. बनात दुसरे काही नसल्यामुळे ती बाभळीच्या पाल्यावर आणि शेंगांवर वाढली. रोज संध्याकाळी तो तिच्याशी बोले. ती ऐके की नाही कोण जाणे, पण उठून जात नसे.

एका वर्षी पाऊस थांबेचना. गावातल्या शेळ्या वाळू लागल्या, त्यांच्या जबड्याखाली सूज लोंबू लागली. अशक्त शेळीला कोवळे गवत चारावे, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. म्हणून लोक आजारी शेळ्यांना अधिकच ओढ्याकाठी नेऊ लागले. दगड रिकामा राहीना. झोपडीत कातड्यांची रास लागली आणि बोलायला रोज कोणी ना कोणी येऊ लागले. खरे सांगायचे तर बोधिसत्त्वाला जन्मात इतकी सोबत मिळाली नव्हती.

पण मेलेल्या शेळ्या चिरताना प्रत्येकीच्या पोटात त्याला केसासारखे बारीक किडे दिसत आणि अंगात रक्त जवळजवळ नसे. मेलेल्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक, चित्रीची मात्र लाल. तो काय ते समजला. आणि समजूनही तीन दिवस गप्प बसला. शेळ्या जगल्या तर या दगडापाशी कोण येणार, हा विचार त्याला सोडीना. बोधिसत्त्व झाला म्हणून एकटेपण कोणाला चुकते?

चौथ्या दिवशी पिंगल नावाचा शेळीवाला आला. त्याच्या चाळीस शेळ्यांपैकी नऊ उरल्या होत्या. आणलेली शेळी दगडावर ठेवून तो तिथेच खाली बसला आणि रडू लागला. बोधिसत्त्वाला आपल्या त्या तीन दिवसांची लाज वाटली.

"पिंगलदादा," तो म्हणाला, "ओढ्याकाठी चारू नका. त्या ओल्या गवतातनंच किडे पोटात जातात आणि रक्त पितात. बाभळीचा पाला घाला, शेंगा घाला. ज्या तुरटपणानं मी कातडं कमावतो, तो त्या किड्यांना सोसत नाही. फार मात्र नको. सोबत सुकं गवत असू द्या."

पिंगलने डोळे पुसले. "शेळ्या मेल्या तरच तुझी चूल पेटते. तू कशाला माझं भलं बघशील?"

बोधिसत्त्व झोपडीकडे गेला. त्याने चित्रीला आणले आणि तिची पापणी ओढून दाखवली. "हिला घेऊन जा, कायमची. हिचं बघून बाकीच्या पाला खातील."

"आणि तुला रे कोण?"

"आधी शेळ्या जगू देत."

पिंगल चित्रीला घेऊन गेला. ती दोनदा थांबली, वळून ओरडली. बोधिसत्त्व झोपडीत गेला आणि पोटभर रडला.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटेच बाभळीच्या फांद्या तोडून दगडावर ठेवू लागला. पिंगलच्या दोन शेळ्या गेल्याच, पण सात उभ्या राहिल्या. ते पाहून सारा गाव फांद्या नेऊ लागला. शेळी मेलेली नसल्यामुळे कोणी हाक मारीना. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! बोधिसत्त्व बाभळीचा डिंक विकून पोट भरी. दुपारी दगड रिकामा दिसला की शेळ्या जगल्या म्हणून त्याला बरे वाटे. मग त्याच दगडावर तो दिवस मावळेपर्यंत बसून राही.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, वत्सल नावाच्या भिक्षूला सांगितली. वत्सलाने चार महिने आजाऱ्यांची सेवा केली होती, आणि बरे झाल्यावर एकही जण आपल्या कुटीकडे फिरकत नाही, अशी त्याची तक्रार होती.

शास्ता म्हणाला, "वत्सला, माझे पात्र घेऊन मागून चालणारा हा भिक्षू तेव्हा चित्री होता. कातडी कमावणारा मी होतो. आणि पिंगल तू होतास. चार पावसाळे मी त्या दगडावर तुझी वाट पाहिली. तू आला नाहीस, पण फांद्या ठेवायच्या मी एक दिवसही चुकवल्या नाहीत. याला दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतात."