भागूने आणलेलं पिल्लू

फार वर्षांपूर्वी एका आंब्याच्या मुळाशी मुंग्यांचं गजबजलेलं वारूळ होतं. तिथल्या भागू मुंगीला एकदा गवतात एक गुबगुबीत अळी सापडली. अळीच्या अंगाला वारुळातल्या पिल्लांसारखाच वास होता आणि पाठीवर मधाचा थेंब होता. "अगं बाई, हे तर आपलंच हरवलेलं पिल्लू!" असं म्हणत भागूने तिला उचलून आणलं. दारावरच्या पहारेकरणींनी हुंगलं आणि कौतुकाने वाट दिली.

चार दिवसांत वारुळातली पिल्लं कमी होऊ लागली. सगळ्याजणी शत्रूला बाहेर शोधत होत्या. भागूला मात्र आपलं पाहुणं पिल्लू फुगत चाललेलं दिसलं आणि पिल्लं कुठे जातात ते तिला कळलं. सांगावं तर सगळ्या काय म्हणतील? पण पिल्लांची रिकामी होत चाललेली खोली तिला बघवेना. ती म्हाताऱ्या जनाक्काकडे गेली.

"जनाक्का, चोर घरातच आहे. मीच आणलाय."

जनाक्का रागावली नाही. तिने आधी दार बंद करायला लावलं. मग एकेक पिल्लू तपासून स्वच्छ खोलीत हलवलं. ज्याच्या पाठीवर मध, ते आपलं नव्हे! अळी सापडताच बाराजणींनी तिला ओढत नेऊन दूर टाकलं आणि पिल्लांची खोली झाडून काढली.

"शाब्बास भागू, वेळेवर बोललीस," जनाक्का सर्वांसमोर म्हणाली.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला, "जनाक्का, मीपण परवा एक आणलंय. मधासाठी कोठारामागे लपवलंय."

"आणि मी दोन," दुसरी पुटपुटली.

जनाक्का पोट धरून हसली. "लावा गं दार पुन्हा!"