नसलेल्या बोटाचं दुखणं

"आक्का, जे बोट नाहीच, ते दुखतं कसं?"

येसाक्काने मान वर केली नाही. हातातल्या गोधडीचा टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला, मग विचारलं, "कुठलं?"

हणमंत गुरुजींनी उजवा हात पुढे केला. अंगठा, मग मोकळी जागा, मग उरलेली दोन बोटं. त्या मोकळ्या जागेत त्यांनी डाव्या हाताने दाखवलं.

"हे. मधलं. कुणीतरी मागं ओढून धरावं आणि सोडूच नये, असं दुखतं. झोप नाही."

भैरोबाच्या टेकडीवर देवळामागच्या ओवरीत ही म्हातारी तीस वर्षं राहते. अंगारा देत नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवत नाही. गावातल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते आणि आलेल्याचं ऐकून घेते. तेवढ्यावर पंचक्रोशी तिला गुरू मानते. गुरुजीही मानत. तिच्या शिष्यांत आपली जागा जरा वरची, असंही त्यांना मनातून वाटे. माणूस आहे, वाटायचंच.

आणि का वाटू नये? बारा वर्षांचे असताना शाळा सुटली की ते पाटलाच्या गोठ्यात कुट्टीच्या मशीनमध्ये कडबा सारत. एका संध्याकाळी कडब्याबरोबर हात आत गेला. दोन बोटं तिथंच राहिली. आठव्या दिवशी पोरगं हाताला फडकं बांधून वर्गात हजर, आणि डाव्या हाताने पाटी गिरवतंय! आज त्याच डाव्या हाताचं फळ्यावरचं अक्षर बघून साहेबलोक दारात थबकतात.

दर पंधरा ऑगस्टला गुरुजी हा हात पोरांपुढे उंच धरत. दोन बोटं गेली, पण मी रडलो नाही, शाळा सोडली नाही, असं सांगत. टाळ्या पडत. पोरांना कामाला धाडणारे आईबापही टाळ्या वाजवत आणि निर्धास्त घरी जात. गुरुजींनी केलं, मग आमच्या पोरानं केलं तर काय बिघडलं?

"कधीपासून दुखतंय?" आक्काने विचारलं.

"महिना झाला."

"पस्तीस वर्षं गप्प होतं. महिन्यापूर्वी काय झालं?"



गुरुजींनी सांगितलं. आठवीतली तेजश्री खरात. शाळेआधी आणि शाळेनंतर एसटी स्टँडवरच्या रसवंतीत चरकात ऊस घालायची. चरकाला घुंगरं बांधलेली, त्यांच्या तालावर गिऱ्हाईक येतं, म्हणून हात भराभर चालवायचा. एक दिवस बोटाचं टोक चरकात सापडलं. पोरीने हात ओढून काढला, हळद दाबली, चिंधी गुंडाळली आणि वरून ओढणी घेतली. सहा दिवस कुणाला दाखवलं नाही. वर्गात डाव्या हाताने लिहीत बसली. गुरुजींनी अक्षराबद्दल चार शब्द सुनावलेसुद्धा. सातव्या दिवशी ताप चढला. तालुक्याला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी आणली असती तर बोट वाचलं असतं.

"आईने विचारलंच असेल की, का लपवलंस म्हणून," आक्का म्हणाली.

"विचारलं."

"मग?"



"म्हणाली... गुरुजी कुठं रडले होते?"

आक्काने सुई गोधडीत टोचून ठेवली.

उरलेलं गुरुजींनी मान खाली घालून सांगितलं. उद्या पोरगी शाळेत येणार. शाळेच्या कमिटीने तिचा सत्कार ठरवलाय. शाल, नारळ, जिद्दीची कन्या म्हणून फलक. शालीचा खर्च रसवंतीवाल्याने उचललाय, तो कमिटीतच आहे. आणि भाषण गुरुजींचं. दुसरं कोण करणार?

"दवाखान्यात गेला होतास?"

"गेलो की. वही नेली, पेन नेलं. म्हटलं, डाव्या हाताने सुरुवात कर, मी शिकवतो."

"मग?"

"भिंतीकडं तोंड केलं तिनं."

"काय मागत होती?"

"ते... विचारलं नाही."

"आणि तू?" आक्का म्हणाली. "बोटं गेली त्या दिवशी तू काय मागत होतास?"

"मी? मी काही मागितलं नाही, आक्का. मी तर रडलोसुद्धा..."

"भाषण नको. ते मला पाठ आहे."

गुरुजींचे कान तापले. पन्नाशीला टेकलेला माणूस, गावात शब्दाला मान, आणि ही म्हातारी चिंधीसारखं झटकून टाकते! उठून चालू पडावं असं त्यांना वाटलं. पण मधलं बोट तेवढ्यात असं ताणलं गेलं की ते जागचे हलले नाहीत.

आक्काने दोऱ्यांचा डबा पुढे ओढला. गुंड्या, रिळं, गंजलेल्या सुया. देवळापुढे पोरं खेळतात, त्यांचं काही हरवलं की तेही या डब्यात येऊन पडतं. तिने आतून एक गोटी काढली. हिरवी, काचेची, एका बाजूला टवका उडालेली. ती तिने गुरुजींच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली.

"मार."

"आक्का, माझं वय..."

"मार म्हणते ना."

गुरुजी चरफडत गुडघ्यावर बसले. उजवा अंगठा जमिनीला टेकवला. टेकवताच अंग आपोआप पुढे झुकलं, एक डोळा मिटला. डावा हात गोटी घेऊन पुढे आला, तिला मधल्या बोटाच्या पेरावर टेकवून बोट मागे ओढायला...

पेर नव्हतं. गोटी खाली पडली आणि दोन वळसे घेऊन थांबली.

गुरुजी तसेच राहिले. अंगठा जमिनीवर, डावा हात हवेत, नसलेलं बोट मागे ओढून धरलेलं. ठणका नेमका तिथं होता, त्याच ताणात. इतकी वर्षं त्यांना तो ओळखता आला नव्हता.

आणि मग सगळं आलं. गोठ्यामागचा सारवलेला तुकडा, टाचेने कोरलेला खळगा. बाळू, रामा, चांदभाई. पाचवा डाव. गुरुजींची गोटी चुकलेली, राज्य त्यांच्यावर आलेलं. तेवढ्यात गोठ्यातून पाटलांची हाक आली, अरे, जनावरं खोळंबलीत! ते पळत गेले होते. पळता पळता मागे वळून ओरडले होते. काय ओरडले होते ते या ओवरीत त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, आणि आवाज पन्नास वर्षांच्या माणसाचा नव्हता.

"थांबा रे... आलोच. माझ्यावर राज्य आहे."

पोरं अंधार पडेपर्यंत थांबली होती म्हणे. हे त्यांना पुढे चांदभाईने सांगितलं. गुरुजी परत त्या खळग्याकडे गेले नाहीत. कुणी गोटी पुढे केली की म्हणायचे, मला अभ्यास आहे.

हणमंत गुरुजी रडले. धोतराचा सोगा तोंडात कोंबून, खांदे गदगदत रडले. एवढासा तर डाव होता. त्यासाठी जीव किती वर्षं तुटत होता, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

आक्काने समजूत घातली नाही. तांब्यातलं पाणी तेवढं पुढे सरकवलं.

खूप वेळाने त्यांनी तोंड पुसलं. वर्गाच्या मागच्या भिंतीशी पोरी सागरगोटे खेळायच्या, ते त्यांना आठवलं. तेजश्री पाचही वर उडवून उलट्या पंजावर झेलायची. एकही खाली पडू द्यायची नाही. पोरी तिला आपल्या बाजूला घ्यायला भांडायच्या, आणि ती रसवंतीच्या वेळेला डाव टाकून पळायची. हे सगळं त्यांनी रोज बघितलं होतं.

"आक्का, उद्या मी काय बोलू?"

आक्काने गोधडी परत मांडीवर ओढली.

"खरं बोललो, तर कमिटी बिथरेल. रसवंतीवाला गावातला माणूस आहे. पाटलांची नात सरपंच आहे. तिच्या आजोबांच्या गोठ्यातली गोष्ट मी कशी काढू? आणि हे एवढे पंधरा ऑगस्ट... लोक म्हणतील, मग इतकी वर्षं काय सांगत होतास?"

आक्काने सुई उचलली, उजेडाकडे धरून दोरा ओवला. मग खाली पडलेली हिरवी गोटी उचलून तिने त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवली आणि उरलेली बोटं स्वतःच्या हाताने मिटवली.

"ऊठ, हणमा. राज्य अजून तुझ्यावरच आहे."