दाव्याचा खडक

कोंडसरीच्या खाडीच्या मुखाशी तो काळा खडक दिसतो ना, त्याला दाव्याचा खडक म्हणतात. ओहोटीला जवळ गेलात तर त्याला मनगट जाईल एवढं आरपार भोक दिसेल. त्याच्या कडा गोठ्यातल्या खुंट्यासारख्या घासून गुळगुळीत झाल्या आहेत. गावातलं कोणी तिथे होडी बांधत नाही. तुम्हीही बांधू नका. का ते ऐका.

फार पूर्वी या पाण्याच्या तळाशी तळकर लोकांची वस्ती होती म्हणे. तुमच्याआमच्यासारखीच माणसं, फक्त श्वास पाण्यात घेणारी. त्यांची गुरं म्हणजे हुंबऱ्या. अंगाने म्हशीएवढ्या, तोंड वासराचं, पुढच्या पायांच्या जागी वल्ह्यासारखे पंख आणि त्यांच्याखाली आचळं. हुंबरी तळाचं शेवाळ चरायची, धन्याच्या हाकेला यायची, पण श्वासाला मात्र तिला वरचीच हवा लागायची. म्हणून तळकर तिला कधी बांधत नसत. ती वर जाई, श्वास घेई आणि दुधाच्या वेळी आपली आपण घरी येई.

मग काठावर माणसं आली, जाळी आली. वर आलेली हुंबरी सापडली की आपलेच पूर्वज ती ओढून काढत आणि कापून खात. गोठे ओस पडले. तळकरांची पोरं त्या दुधावर वाढायची. दूध तुटलं तशी पोरंही दगावू लागली. उरलेले लोक वस्ती मोडून खोल समुद्रात निघून गेले. निवळी नावाची एक बाई तेवढी मागे राहिली, असं सांगतात. तिची मुलगी तान्ही होती, लांबचा प्रवास तिला झेपला नसता. आणि गोठ्यात शेवटची हुंबरी होती.

निवळीने या खडकाशी येऊन धाकू तांडेलाला हाक मारली. गावच्या जाळ्यांवर त्याचा शब्द चाले. वरची हवा तिला फार वेळ सोसत नव्हती, म्हणून ती थोडक्यातच बोलली. "ही एकच ऱ्हवलीहा. हिच्या दुधार माझा चेडू जगता."

धाकूच्या घरातही तान्हं मूल होतं. त्याला गलबलून आलं. "तुझा जनावर हयसर बांध. हय कोण जाळा टाकचो नाय, तुझ्या दाव्याक कोण हात लावचो नाय," तो म्हणाला आणि ग्रामदेवीची आण घेतली.

निवळीने हुंबरी खडकाला बांधली. वाहून जाळ्यांकडे जाऊ नये म्हणून दावं आखूड ठेवलं, नाक सुखाने पाण्याबाहेर राहील इतकंच. अष्टमीच्या भांगाचे दिवस होते. भांगात पाणी फारसं चढत नाही. निवळी येऊन दूध काढी, खाली जाऊन पाजी. मुलगी बाळसं धरू लागली.

भरती-ओहोटी ही आपली, काठावरच्यांची गोष्ट. तळाशी पाणी कायम डोक्यावरच. ते चढलं काय नि उतरलं काय, तिथे कोणाला कळतं! निवळीला ते ठाऊकच नव्हतं. आणि समुद्रातल्या बाईला समुद्राचं काय सांगायचं, म्हणून धाकू कधी बोलला नाही.

अमावस्या आली. भर दुपारी उधाणाचं पाणी चढू लागलं. दावं ताठ झालं. हुंबरीने मान ताणली, मग तिचं नाक तेवढं वर उरलं आणि ती हंबरू लागली. धाकू कोयती घेऊन होडीने खडकाशी आला. दावं हाताशी होतं. पण देवीची आण होती, आणि बाई येईलच, तिला पाण्याचं कळतंच, असं त्याला वाटत राहिलं. तो कोयती धरून नुसता बसला. नाक पाण्याखाली गेलं. बुडबुडे आले आणि थांबले.

दुधाच्या वेळी निवळी वर आली. हुंबरीच्या थंड आचळांना हात लावून पाहिला. मग तिने विचारलं, "तू बघी होतंस?"

"माका वाटला, तुका ठावक आसतला," धाकू म्हणाला.

गाठ सोडून, मेलेलं जनावर ओढत ती खाली गेली. काही दिवसांनी शेवाळात गुंडाळलेलं एक इवलं गाठोडं खडकाच्या भोकाशी ठेवलेलं दिसलं. धाकूने ते उघडलं नाही. आत काय असणार हे त्याला कळलं होतं. त्यानंतर निवळी कोणाला दिसली नाही.

आजही अमावस्येच्या उधाणाला धाकूच्या घरातला एक माणूस धार लावलेली कोयती घेऊन होडीतून त्या खडकाशी जातो. पाणी भोकावरून चढून उतरेपर्यंत तिथेच बसतो. कापायला दावं नसतं. तो भोकात हात घालून, चाचपून बघतो आणि घरी येतो.